आधी बेरीज, शेवटी भागाकार: मोजून आलेल्या माहितीचा क्रॉसटॅब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आर या संख्याशास्त्रीय आकडेमोडीच्या संगणक भाषेत तुमच्याकडे एक डेटाफ्रेम, म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेली माहिती, आहे आणि तिच्यात विभाग, लिंग, निकाल व संख्या असे चार स्तंभ आहेत. त्यावरून विभाग आणि लिंग यांचा आडवा-उभा तक्ता (क्रॉसटॅब) करून निवड झालेल्यांची टक्केवारी दाखवायची आहे. परंतु ‘टेबल’ हे फंक्शन वापरले की प्रत्येक कप्प्यात तोच तो आकडा येतो, आणि विभागवार टक्केवारी काढून तिची सरासरी घेतली तर ‘एकूण’ ओळीतला आकडा मूळ संख्यांशी जुळत नाही. यासाठी योग्य फंक्शन कोणते, असे तुम्ही विचारले आहे. फंक्शनचे नाव मी सांगतेच, पण तुमच्या प्रश्नात दोन स्वतंत्र अडचणी एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय कोणतेही फंक्शन तुम्हाला खात्रीचे उत्तर देणार नाही. पहिली अडचण अशी की तुमच्या डेटाफ्रेममधली एक ओळ म्हणजे एक माणूस नाही. दुसरी अशी की टक्केवारीचा छेद कोणता, हे अजून ठरलेले नाही.

तुमची माहिती तुम्ही दिलेली नाही, म्हणून तिच्याशी हुबेहूब जुळणारे एक जुने उदाहरण घेते. आरसोबतच येणाऱ्या नमुना माहितीत ‘यूसीबीॲडमिशन्स’ नावाची त्रिमितीय सारणी आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी आलेल्या अर्जांपैकी सहा सर्वांत मोठ्या विभागांचे आकडे तिच्यात आहेत. या प्रवेशांवर बिकेल, हॅमेल आणि ओ’कॉनेल यांनी १९७५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात लेख लिहिला आणि तेव्हापासून हे आकडे संख्याशास्त्राच्या वर्गांत शिकवले जात आहेत. ही सारणी डेटाफ्रेममध्ये बदलली की २४ ओळी मिळतात: निकालाचे २ प्रकार, लिंगाचे २ आणि विभाग ६. शेवटच्या स्तंभात वारंवारता, म्हणजे त्या गटातल्या माणसांची संख्या, असते. सगळ्या वारंवारतांची बेरीज ४,५२६ येते. म्हणजे माणसे ४,५२६ आहेत आणि ओळी फक्त २४.

आता या २४ ओळींवर ‘टेबल’ चालवून लिंग आणि निकाल यांचा तक्ता मागितला, तर चारही कप्प्यांत ६ हा आकडा येतो. विभाग आणि लिंग यांचा मागितला तर बाराही कप्प्यांत २ येतो. फंक्शनने चूक केलेली नाही. ते ओळी मोजते आणि प्रत्येक जोडीच्या खरोखर तेवढ्याच ओळी आहेत. संख्येच्या स्तंभाकडे बघायला त्याला कोणी सांगितलेलेच नाही. तुमच्या तक्त्यात सर्वत्र एकच आकडा दिसतो तो याच कारणाने.

अशा माहितीसाठी मी ‘एक्सटॅब्स’ वापरते. त्याला सूत्र द्यावे लागते. तिरप्या लाटेसारख्या चिन्हाच्या डावीकडे वारंवारतेचा स्तंभ लिहायचा, उजवीकडे वर्गीकरणाचे स्तंभ अधिकच्या चिन्हाने जोडायचे: संख्या ~ लिंग + निकाल. डावीकडे स्तंभ लिहिला की ते फंक्शन त्याची बेरीज करते, आणि डावी बाजू रिकामी ठेवली की ‘टेबल’प्रमाणे ओळी मोजते. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली, तर माणसागणिक एक ओळ असलेली माहिती आणि आधीच मोजून आलेली माहिती या दोन्हींसाठी एकच फंक्शन पुरते. वरील सूत्राने पुरुषांचे १,१९८ प्रवेश व १,४९३ नकार, आणि स्त्रियांचे ५५७ प्रवेश व १,२७८ नकार असा तक्ता मिळतो.

हेच काम ‘टी-ॲप्लाय’नेही होते आणि पुष्कळ जुन्या कोडमध्ये तेच दिसते, पण दोहोंत एक फरक आहे. एखाद्या जोडीची एकही ओळ नसेल तर ‘एक्सटॅब्स’ तिथे शून्य लिहिते, तर ‘टी-ॲप्लाय’ तिथे ‘एनए’ (म्हणजे ‘मूल्य उपलब्ध नाही’) ठेवते, आणि ते टाळायचे असेल तर ‘डिफॉल्ट’ या आर्ग्युमेंटला (फंक्शनला द्यायच्या सूचनेला) शून्य द्यावे लागते. बेरजेसाठी शून्य योग्य असते. सरासरीसाठी मात्र रिकामा कप्पा रिकामाच राहिला पाहिजे, कारण ज्या गटात कोणी नाही त्याची सरासरी शून्य नसते. डीप्लायर हे आरचे जोड-पॅकेज वापरणाऱ्यांसाठी ‘काउंट’ या फंक्शनला ‘डब्ल्यूटी’ आर्ग्युमेंटमधून संख्येचा स्तंभ द्यायचा असतो. पायथन भाषेच्या पांडास या पॅकेजमध्ये ‘क्रॉसटॅब’ला ‘व्हॅल्यूज’मध्ये संख्या आणि ‘ॲगफंक’मध्ये बेरीज सांगावी लागते, ती दोन्ही विसरलात तर तिथेही ओळीच मोजल्या जातात.

तक्ता तयार झाल्यावर पुढे जाण्यापूर्वी एक तपासणी मी कधीच चुकवत नाही. तक्त्यातल्या सर्व कप्प्यांची बेरीज आणि मूळ स्तंभाची बेरीज सारखी आहे का, हे मी बघते. येथे दोन्ही ४,५२६ यायला हव्यात. त्या जुळत नसतील तर बहुतेक वेळा कारण असते वर्गीकरणाच्या स्तंभातली गाळलेली मूल्ये. ‘टेबल’ मूळ सेटिंगप्रमाणे ‘एनए’ असलेल्या ओळी गुपचूप सोडून देते आणि त्या दिसायला हव्या असतील तर ‘यूज-एनए’मध्ये ‘इफ-एनी’ लिहावे लागते. ‘एक्सटॅब्स’मध्ये त्यासाठी ‘ॲड-एनए’ आहे. ज्यांचे लिंग नोंदवले गेले नाही अशांची वेगळी ओळ अहवालात ठेवायची की नाही हा निर्णय परिस्थितीवर अवलंबून आहे, पण तो निर्णय आपण घेतला पाहिजे, फंक्शनने परस्पर घेता कामा नये.

आता छेदाकडे वळू. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे मर्म इथे आहे. ५५७ स्त्रियांना प्रवेश मिळाला. या एका कप्प्यातून तीन टक्केवाऱ्या निघतात. अर्ज केलेल्या १,८३५ स्त्रियांपैकी ३०.४ टक्के स्त्रियांना प्रवेश मिळाला. प्रवेश मिळालेल्या १,७५५ जणांपैकी ३१.७ टक्के स्त्रिया होत्या. आणि एकूण ४,५२६ अर्जदारांपैकी १२.३ टक्के या ‘प्रवेश मिळालेल्या स्त्रिया’ होत्या. तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिल्या दोन आकड्यांत येथे योगायोगाने फारसे अंतर नाही, आणि म्हणूनच ते जास्त धोकादायक आहेत, कारण एकाच्या जागी दुसरा छापला गेला तर कोणाच्या डोळ्यांना खटकणार नाही. ‘प्रोपोर्शन्स’ या फंक्शनला (जुन्या कोडमध्ये ते ‘प्रॉप-टेबल’ या नावाने आढळेल) ‘मार्जिन’ म्हणून १ दिला की प्रत्येक ओळीची बेरीज शंभर टक्के होते, २ दिला की प्रत्येक स्तंभाची, आणि काहीच न दिल्यास संपूर्ण तक्त्याची.

मी माझ्या सहकाऱ्यांना सांगते की कोड लिहिण्याआधी टक्केवारीचे वाक्य मराठीत पूर्ण लिहून काढा. ‘इतक्यांपैकी इतके’ या वाक्यात ‘पैकी’च्या आधी जे येते तो छेद, आणि त्या छेदात जे स्तंभ येतात तेच ‘मार्जिन’मध्ये जातात. ‘प्रत्येक विभागात अर्ज केलेल्या स्त्रियांपैकी किती जणींना प्रवेश मिळाला’ या वाक्यात ‘पैकी’च्या आधी विभाग आणि लिंग ही दोन्ही वर्गीकरणे आहेत, म्हणून विभाग, लिंग, निकाल या क्रमाने बांधलेल्या त्रिमितीय सारणीत ‘मार्जिन’ला १ आणि २ हे दोन्ही अंक एकत्र द्यावे लागतात. तुम्हाला हवा असलेला तक्ता हाच आहे असे मी समजते. तो असा दिसतो:

| विभाग | पुरुष अर्जदार | प्रवेश | टक्के | स्त्री अर्जदार | प्रवेश | टक्के |
|---|---|---|---|---|---|---|
| ए | ८२५ | ५१२ | ६२.१ | १०८ | ८९ | ८२.४ |
| बी | ५६० | ३५३ | ६३.० | २५ | १७ | ६८.० |
| सी | ३२५ | १२० | ३६.९ | ५९३ | २०२ | ३४.१ |
| डी | ४१७ | १३८ | ३३.१ | ३७५ | १३१ | ३४.९ |
| ई | १९१ | ५३ | २७.७ | ३९३ | ९४ | २३.९ |
| एफ | ३७३ | २२ | ५.९ | ३४१ | २४ | ७.० |
| एकूण | २,६९१ | १,१९८ | ४४.५ | १,८३५ | ५५७ | ३०.४ |

तक्ता शांतपणे वाचा. एकूण ओळीत स्त्रिया पुरुषांपेक्षा चौदा टक्क्यांनी मागे आहेत, आणि तरीही सहापैकी चार विभागांत त्या पुरुषांच्या पुढे आहेत. उरलेल्या दोन विभागांतले अंतर चार टक्क्यांच्या आतले आहे. ही विसंगती सिम्प्सनचा विरोधाभास म्हणून ओळखली जाते. कारण अर्जांच्या वाटणीत आहे. ए आणि बी या विभागांत साठ टक्क्यांहून अधिक अर्जदारांना प्रवेश मिळत होता आणि पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे १,३८५ जणांनी, याच दोन विभागांत अर्ज केले होते. स्त्रियांपैकी तिथे अर्ज करणाऱ्या केवळ १३३ होत्या. बाकी साऱ्या जणी अशा विभागांत गेल्या जिथे प्रवेश मिळणे सर्वांनाच कठीण होते. स्त्रियांनी तिकडेच का जावे हा मोठा प्रश्न आहे आणि तक्ता त्याचे उत्तर देत नाही, पण तो प्रश्न विचारायला भाग पाडतो.

आता तुमची न जुळणारी सरासरी बघू. वरच्या सहा टक्केवाऱ्यांची साधी सरासरी घेतली तर स्त्रियांची ४१.७ आणि पुरुषांची ३८.१ येते. निष्कर्ष चक्क उलटा झाला. या सरासरीत बी विभागातल्या २५ स्त्रियांना सी विभागातल्या ५९३ स्त्रियांइतकेच वजन मिळाले आहे, आणि ते वजन कोणी विचारपूर्वक दिलेले नाही, ‘मीन’ हे फंक्शन चालवल्यामुळे आपोआप पडलेले आहे. एकूण ओळीसाठी टक्केवाऱ्या एकत्र करायच्याच नसतात. अंश वेगळे बेरजेला घ्यायचे, छेद वेगळे बेरजेला घ्यायचे आणि सर्वांत शेवटी एकदाच भागायचे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सर्वेक्षणाच्या अहवालात मी जिल्ह्यांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढून तो राज्याचा आकडा म्हणून लिहिला होता. छपाईच्या आदल्या दिवशी एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला एवढेच विचारले की सिंधुदुर्ग आणि ठाणे हे दोन्ही सारखेच धरले का. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ होती आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची १,१०,६०,१४८. तेरापट मोठा जिल्हा आणि छोटा जिल्हा माझ्या आकड्यात एकाच मापाने तोलले गेले होते. त्या रात्री बसून आम्ही सारे तक्ते पुन्हा केले. तेव्हापासून मी मधल्या टप्प्यावरच्या कोणत्याही फाईलमध्ये टक्केवारी साठवत नाही, फक्त अंश आणि छेद साठवते.

याला एक अपवाद आहे आणि तो जाणूनबुजून करायचा असतो. दोन्ही गटांची विभागवार वाटणी सारखी असती तर चित्र कसे दिसले असते, असा प्रश्न असेल, तर प्रत्येक विभागाच्या टक्केवारीला त्या विभागाच्या एकूण अर्जदारांचे वजन देऊन सरासरी काढतात. याला प्रमाणीकरण म्हणतात. वरच्या आकड्यांवर ते केले तर स्त्रियांचे प्रमाण ४३.० टक्के आणि पुरुषांचे ३८.७ टक्के येते. हा आकडा छापायला हरकत नाही, पण त्याला ‘एकूण’ म्हणता येत नाही आणि कोणती वजने वापरली हे तक्त्याखाली लिहावे लागते.

एकूण ओळ जोडण्याचा क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. बेरजा जोडण्यासाठी ‘ॲडमार्जिन्स’ आहे. लिंग आणि निकाल यांच्या तक्त्यावर आधी टक्केवारी काढून नंतर ‘ॲडमार्जिन्स’ चालवले तर प्रवेशाच्या स्तंभाखाली ४४.५ आणि ३०.४ यांची बेरीज, म्हणजे ७४.९ टक्के, असा अर्थहीन आकडा येतो. उलट दोन्ही दिशांच्या बेरजा आधी जोडून मग ओळवार टक्केवारी काढली तर बेरजेचा स्तंभही छेदात मोजला जातो, छेद दुप्पट होतो आणि स्त्रियांचा आकडा ३०.४ ऐवजी १५.२ दिसतो. योग्य क्रम असा की आधी फक्त ‘एकूण’ ओळ जोडायची, त्यासाठी ‘ॲडमार्जिन्स’ला १ द्यायचा, आणि मग ओळवार टक्केवारी काढायची. मग एकूण ओळीत १,७५५ भागिले ४,५२६, म्हणजे ३८.८ टक्के, हा खरा आकडा येतो. काय-वर्ग चाचणी (दोन वर्गीकरणांत संबंध आहे का हे तपासणारी) करायची असेल तर ती बेरजा नसलेल्या आणि टक्केवारी नसलेल्या मूळ वारंवारतेच्या तक्त्यावरच करावी, कारण बेरजेची ओळही चाचणीच्या दृष्टीने आणखी एक गट ठरते.

तीन वर्गीकरणांची सारणी पडद्यावर छापली की आर तिचे एकामागून एक तुकडे दाखवते आणि वाचणे कठीण जाते. ‘एफटेबल’ ती सपाट करून एकाच तक्त्यात मांडते. कोणती वर्गीकरणे डावीकडे आणि कोणती वर, हे त्याला सांगता येते. ज्यांची तुलना करायची ती दोन माणसे शेजारी बसवावीत, तसे ज्या दोन आकड्यांची तुलना करायची ते शेजारच्या कप्प्यांत यावेत. म्हणून येथे लिंग वर आणि विभाग डावीकडे ठेवला आहे.

डीप्लायर आणि त्याच्या जोडीचे टायडीआर हे पॅकेज वापरत असाल तर दोन ठिकाणी विशेष जपा. तिथे गट पाडून ‘समराइज’ने प्रत्येक गटाची बेरीज केल्यावर यादीतला शेवटचा गट सुटतो आणि आधीचे गट कायम राहतात. विभाग, लिंग, निकाल या क्रमाने गट पाडून पुढच्या पायरीत ‘संख्या भागिले संख्येची बेरीज’ लिहिले, तर ती बेरीज विभाग आणि लिंग यांच्या आत होते आणि आपल्याला हवी तीच टक्केवारी मिळते. पण कोणी सहज म्हणून क्रम निकाल, लिंग, विभाग असा केला, तर तेच कोड, एकही अक्षर न बदलता, ‘प्रवेश मिळालेल्या स्त्रियांपैकी किती जणी या विभागातल्या’ या वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणतीही चूक दाखवत नाही. डीप्लायरच्या १.१.० आवृत्तीपासून ‘समराइज’मध्येच ‘बाय’ लिहिण्याची सोय आहे. तसे केल्यास निकाल गटांशिवाय परत येतो, आणि पुढच्या भागाकारासाठी गट पुन्हा स्पष्ट लिहावे लागतात. मला ही पद्धत अधिक आवडते, कारण छेद कोडमध्ये डोळ्यांना दिसतो.

दुसरे ठिकाण म्हणजे लांब तक्ता रुंद करणारे ‘पिव्हट-वायडर’. टक्केवारीचा स्तंभ तयार झाला आणि मूळ संख्येचा स्तंभ तसाच ठेवून तुम्ही फक्त टक्केवारी रुंद केली, तर ते फंक्शन संख्येलाही ओळीची ओळख समजते. प्रत्येक विभागाची एक ओळ होण्याऐवजी दोन-दोन ओळी होतात आणि निम्म्या कप्प्यांत ‘एनए’ येतो. नवशिक्या मंडळींना हे कोडे फार छळते. उपाय सोपा आहे: नको असलेला स्तंभ आधी काढून टाकावा किंवा ‘आयडी-कॉल्स’मध्ये फक्त विभाग लिहावा.

शून्यांबद्दल मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे. आरमधलीच ‘टायटॅनिक’ ही दुसरी सारणी घ्या. तिच्यात २,२०१ माणसे आहेत आणि वर्ग, लिंग, वय व बचावले की नाही अशी चार वर्गीकरणे आहेत. डेटाफ्रेम केल्यावर ३२ ओळी होतात आणि त्यांपैकी ८ ओळींत शून्य असते. यांतली चार शून्ये जहाजावरच्या कर्मचाऱ्यांमधल्या मुलांची आहेत: कर्मचाऱ्यांत मुले नव्हतीच. बाकीची चार पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या मृत मुलांची आहेत: या सारणीनुसार त्या वर्गांत अनुक्रमे ६ आणि २४ मुले होती आणि ती सर्व वाचली. दोन्ही ठिकाणी कप्प्यात सारखेच शून्य दिसते, पण पहिल्या प्रकारात टक्केवारी काढू गेले तर शून्य भागिले शून्य होऊन ‘एनएएन’ (म्हणजे ‘संख्याच नाही’) येते आणि तेच योग्य आहे, तर दुसऱ्या प्रकारात ‘मृत्यू शून्य टक्के’ हे खरे आणि महत्त्वाचे विधान आहे. ही शून्ये असलेल्या ओळी ‘जागा वाचवण्यासाठी’ आधीच गाळून टाकल्या आणि मग रुंद करताना सर्व रिकाम्या कप्प्यांत शून्य भरले, तर हा फरक कायमचा पुसला जातो. म्हणून वर्गीकरणाचे स्तंभ फॅक्टर (ठरावीक गटांची यादी सोबत ठेवणारा स्तंभ) म्हणून ठेवावेत, संभाव्य सर्व लेव्हल, म्हणजे गटांची नावे, त्यांत लिहाव्यात, आणि डीप्लायरमध्ये गट पाडताना ‘ड्रॉप’ला ‘फॉल्स’ द्यावे. फॅक्टरचा आणखी एक लाभ असा की ओळींचा क्रम आपल्या हातात राहतो. साध्या मजकुराच्या स्तंभात ‘५–९’ हा वयोगट ‘४५–४९’च्याही खाली जाऊन बसतो.

तुमच्या गटवार माहितीत संख्येऐवजी प्रत्येक गटाची सरासरी किंवा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य) दिलेला असेल, तर मार्ग बदलतो. सरासरीसोबत गटातल्या व्यक्तींची संख्या असेल तर दोहोंच्या गुणाकाराने बेरीज परत मिळवता येते आणि मग वरची सर्व पद्धत लागू पडते. मध्यकाचे तसे नाही: गटांचे मध्यक हाती असले तरी त्यांवरून एकूण मध्यक मिळत नाही, त्यासाठी मूळ नोंदींकडेच जावे लागते. वेगवेगळ्या व्यक्तींची मोजणीही बेरजेला घेता येत नाही, कारण एकच व्यक्ती दोन गटांत असू शकते.

छापताना टक्केवारीच्या शेजारी छेद दाखवा, असा माझा आग्रह असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालांत एक शिस्त पाळलेली दिसते: ज्या टक्केवारीमागे २५ ते ४९ नोंदी असतात ती कंसात छापतात, आणि २५ पेक्षा कमी नोंदी असतील तर आकड्याच्या जागी फक्त तारांकन ठेवतात. या नियमाने बघितले तर बी विभागातल्या स्त्रियांचे ६८.० टक्के कंसात गेले असते, कारण त्यामागे बरोबर २५ अर्ज आहेत. आणखी एक स्त्री कमी असती तर तो आकडा छापलाच गेला नसता. अशा सर्वेक्षणांत टक्केवारी भारित (प्रत्येक नोंदीला तिचे वजन लावलेल्या) संख्यांवरून काढतात, पण नोंदी पुरेशा आहेत का हे भार न लावलेल्या मोजणीवरून ठरवतात. तुमच्या माहितीला भार असतील तर एकाच सूत्राने दोन तक्ते करावे लागतील: एक डाव्या बाजूला भारांची बेरीज घेऊन, दुसरा नुसत्या नोंदी मोजून. आकडे पूर्णांकात आणणे हे अगदी शेवटचे काम आहे. आधीच पूर्णांक केलेल्या टक्केवारीवर पुढची कोणतीही आकडेमोड करू नये.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट मला तुमच्या वर्णनावरून कळलेली नाही, आणि तिच्यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. एका उमेदवाराला एकाहून अधिक विभागांत अर्ज करण्याची मुभा होती का? तशी मुभा असेल तर तुमच्या संख्येच्या स्तंभात अर्ज मोजलेले आहेत, माणसे नाहीत, आणि एकूण ओळीतल्या टक्केवारीला ‘इतक्या अर्जांपैकी’ असेच म्हणावे लागेल. हे माहिती गोळा करणाऱ्यांना विचारून घ्या. नंतर संख्या ~ विभाग + लिंग + निकाल हे सूत्र चालवून कप्प्यांची बेरीज मूळ स्तंभाशी ताडून पाहा. ती जुळली नाही तर डेटाफ्रेमच्या पहिल्या दहा-बारा ओळी आणि प्रत्येक स्तंभाच्या लेव्हल इथे लिहा, मी बघून सांगेन.